नवं नाव जिभेवर कसं बसवायचं: पारलिंगी (ट्रान्सजेंडर) माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी

माझा धाकटा भाऊ छत्तीस वर्षं नव्हे, फक्त चार वर्षं माझा भाऊ म्हणून ओळखला जातो. त्याआधी घरात आणि गावात त्याला मुलगी समजत. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते कुठे लिहायचं हे त्याने ठरवायचं. उदाहरणासाठी 'ईशान' हे नाव वापरते. जुनं नाव तर नाहीच.

नाव बदलणं एका दिवसाचं काम वाटतं. त्याने सांगितलं, आपण ऐकलं, उद्यापासून त्या नावाने हाक मारायची. आमच्या घरात तसं झालं नाही. मला सरावायला तीन महिने लागले, बाबांना वर्ष लागलं, आणि स्वतः भावालाही पहिले काही आठवडे आपल्याच नव्या नावावर चटकन मान वळवता येत नव्हती. या काळात काय उपयोगी पडलं आणि कशाने दुखावलं, ते क्रमाने सांगते.

नाव पक्कं करण्याआधी

हा भाग ज्याचं नाव बदलतंय त्याच्यासाठी. आवडलेलं नाव आधी कागदावर पूर्ण लिहा: नाव, मधलं नाव, आडनाव. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव येतं आणि तीन शब्दांची मिळून एक चाल होते. नुसतं छान वाटणारं नाव कधी कधी त्या चालीत अडखळतं. वडिलांशी संबंध तुटले असतील तर मधे काय लावायचं, आईचं नाव लावायचं का, हा विचारही आत्ताच करा.

मग ते मोठ्याने हाक मारून बघा. स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत पोचतं का? फोनवर सांगितलं तर समोरचा "काय? परत सांगा" म्हणतो का? दोन विश्वासू मित्रांना सांगा की तीन-चार आठवडे याच नावाने बोलवा, मेसेजही याच नावाने करा. माझ्या भावाचं पहिलं निवडलेलं नाव अठरा दिवस टिकलं. त्यालाच ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटायला लागलं. मित्रांपुरतं होतं म्हणून बिघडलं काहीच नाही.

ही घाई टाळायला आणखी एक कारण आहे. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि लिंगाची नोंद एकदा. त्यामुळे नावाची चाचणी माणसांत करायची, आधार केंद्रात नाही.

रोमन लिपीतलं स्पेलिंगही याच वेळी एकदाच ठरवा आणि डायरीत लिहून ठेवा. दीर्घ 'ई' एका ठिकाणी एका अक्षराने आणि दुसऱ्या ठिकाणी दोन अक्षरांनी लिहिली गेली, तर पुढे प्रत्येक कार्यालयात "हे नाव जुळत नाही" ऐकावं लागतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कधी कधी वाटतं की नाव पत्रिकेतल्या चरणाक्षरावरून असावं. मला यात गैर काही वाटत नाही, अट एवढीच की ते माणसाच्या मनातलं असावं. अक्षर आजीने सुचवायचं आणि नाव त्याने निवडायचं, असं काही घरांत जमू शकतं. पण आजीने नाव 'ठेवायचं' नाही.

कुणाला कधी सांगायचं, ते त्याने ठरवायचं

उत्साही नातेवाईक इथे चुकतात. आपण मनाने मोठे आहोत हे दाखवायला चारचौघांत नवं नाव घेतात, आणि ज्याला सांगायचं नव्हतं त्याला कळतं. घर, नोकरी, भाड्याची खोली यांपैकी काहीही त्यामुळे धोक्यात येऊ शकतं.

आम्ही वहीच्या एका पानावर तीन रकाने पाडले होते: माहीत आहे, सांगायचंय, आत्ता नाही. भावाने स्वतः नावं भरली. सख्खा काका तिसऱ्या रकान्यात होता आणि खालच्या मजल्यावरच्या काकू पहिल्या. मला नवल वाटलं, पण वही त्याची होती. तिसऱ्या रकान्यातल्यांसमोर कोणत्या नावाने हाक मारू, हे आम्ही त्यालाच विचारलं. "त्यांच्यासमोर नावच घेऊ नका, 'अरे'-'अगं' पण नको, नुसतं 'ऐक ना' म्हणा," असं त्याने सांगितलं आणि आम्ही सहा महिने तसंच केलं.

मराठीत नाव सोपं, क्रियापद अवघड

आम्हाला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. आपण नाव बदलतो आणि खूश होतो: "ईशान, जेवलीस का?" नाव बरोबर आहे, पण 'जेवलीस'ने सगळं परत फिरवलं. मराठीत माणसाचं लिंग नावापेक्षा क्रियापदात जास्त वेळा बोललं जातं. आलास-आलीस, येतोस-येतेस, दमला-दमली, शहाणा-शहाणी. त्यात 'अरे' आणि 'अगं', वाक्याच्या शेवटचे 'रे' आणि 'गं'. दिवसभरात नाव पाच-दहा वेळा येत असेल, ही वळणं शेकड्यांनी येतात. म्हणून सराव क्रियापदांचा करा, नाव त्यांच्या मागून येतं.

भाषेने काही पळवाटाही ठेवल्या आहेत. सगळीच क्रियापदं लिंग सांगत नाहीत. "जेवलास का" ऐवजी "तुझं जेवण झालं का". "काय म्हणालास" ऐवजी "काय म्हटलंस". "येतोस का" ऐवजी "येशील का". भविष्यकाळ आणि आज्ञार्थ पूर्ण मोकळे आहेत: ये, बस, पाणी घे, उद्या करशील ना. 'तुम्ही'ही मोकळं आहे, "तुम्ही कधी आलात" हे बाईला आणि पुरुषाला सारखंच. ऑफिसमधल्या किंवा लांबच्या लोकांना मी हेच सुचवते.

मात्र घरच्यांनी या पळवाटेत पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहू नये. आमचे बाबा तिथे आठ महिने राहिले. कधी चुकले नाहीत, पण 'आलास' असं एकदाही म्हणाले नाहीत. आम्हा बाकीच्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. भावाच्या पहिल्या दिवसापासून लक्षात होतं. "बाबा माझ्याशी परक्यासारखं जपून बोलतात," असं तो मला म्हणाला तेव्हा मी बाबांची वाक्यं ऐकायला लागले, आणि खरंच, प्रत्येक वाक्य वळसा घालून जात होतं. चूक टाळणं आणि त्याला मुलगा म्हणून हाक मारणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लाडाची संबोधनं मात्र कामाला येतात. 'बाळा', 'राजा', 'सोन्या' हे आया मुलींनाही म्हणतात, त्यामुळे आईच्या तोंडी ते आधीपासून होतं आणि तिला तिथे काही बदलावं लागलं नाही. टोपणनावाचं मात्र विचारून घ्या. काहींना ते ठेवायचं असतं, काहींना त्यातही जुनं नाव ऐकू येतं.

काही माणसं स्वतःला ना स्त्री मानतात ना पुरुष. त्यांच्यासाठी कोणतं क्रियापद, हे फक्त त्यांना विचारून कळतं. मराठीतलं 'ते' एकीकडे आदरार्थी आहे आणि दुसरीकडे वस्तूसाठीचंही, म्हणून ते आपल्या मनाने लावू नका.

सराव तो समोर नसताना करायचा

सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. तो समोर असताना आपण सावध असतो. तो बाहेर गेला की जीभ सैल पडते आणि जुन्या नावाने बोलणं सुरू होतं: "ती अजून आली नाही का?" आणि दिवसाचं बरंचसं बोलणं असंच पाठीमागचं असतं. पाठीमागे जुनं नाव चालू ठेवलं की समोर ते निसटतंच.

आई आणि मी रात्री भांडी आवरताना दहा मिनिटं त्याच्याविषयी बोलायचो, मुद्दाम भूतकाळात, कारण तिथे सगळ्यात जास्त अडखळायला होतं. "ईशान आज उशिरा उठला. चहा न घेताच गेला. संध्याकाळी दमून आला, पण हसत होता." पहिल्या दिवशी आई तिसऱ्या वाक्यावर थांबली. आपण खोटं बोलतोय असं तिला वाटत होतं. दुसऱ्या आठवड्यात ती भांडं विसळता विसळता म्हणाली, "गाढव आहे नुसता, डबा परत विसरला." ते 'नुसता' तिच्या लक्षातही आलं नाही. मी काही बोलले नाही, बोलले असते तर ती परत सावध झाली असती.

फोनमधलं नावही त्याच दिवशी बदला. हे बारीक वाटतं, पण दिवसातून पाच वेळा स्क्रीनवर जे नाव झळकतं तेच डोक्यात बसतं. शिवाय आपण जुन्या नावाने सेव्ह केलेला नंबर कॉलर ओळखणाऱ्या अॅपमधून अनोळखी माणसालाही दिसू शकतो. म्हणून आत्या, मामा, चुलत भावंडं, सगळ्यांना एकेक करून सांगा. आम्ही दिवाळीला फराळासाठी जमलो तेव्हा मी प्रत्येकाचा फोन हातात घेऊन ते करून दिलं.

लहानपणच्या गोष्टी सांगताना काय म्हणायचं? याचंही उत्तर त्याच्याकडेच आहे. माझा भाऊ म्हणाला, "लहानपणीही मीच होतो." म्हणून आम्ही "ईशान चौथीत असताना झाडावरून पडला" असंच सांगतो. भिंतीवरच्या फोटोंबद्दलही विचारा. फ्रॉकमधला एक फोटो त्याने स्वतः उतरवून आईच्या कपाटात ठेवायला दिला. फाडायला सांगितलं नाही, आणि आईला तो कधीतरी काढून बघायला मनाई नाही.

चुकलं तर

जीभ घसरणारच. घसरली की जागच्या जागी दुरुस्त करा आणि पुढे चला: "ती म्हणाली... तो म्हणाला की उद्या सुट्टी आहे." बस. एका श्वासात.

आई सुरुवातीला चुकली की रडायची. "माझ्याच्याने होत नाही रे, मला माफ कर." मग तो जेवण सोडून उठायचा, तिला जवळ घ्यायचा, पाणी द्यायचा. चूक आईची आणि समजूत काढायची त्याने, असं दोन-तीनदा झाल्यावर मी आईला सांगितलं की तुझं रडणं खरं आहे, पण ते माझ्याकडे रड. नाव तिने आणि बाबांनी हौसेनं ठेवलं होतं, बारशाला आत्याने कानात कुर्र केलं होतं. ते सुटण्याचं दुःख होतं, आणि त्याला जागा हवीच. ती जागा बहीण, मैत्रीण, समुपदेशक यांच्याजवळ असावी, मुलाच्या ताटाजवळ नाही. बोलायला कुणीच नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर आईवडीलही बोलू शकतात आणि तो स्वतःही.

दुसरं कुणी चुकलं तर दुरुस्ती आपण करायची की गप्प राहायचं, हे आधी त्याला विचारून ठेवा. दर वेळी स्वतःच दुरुस्त करत बसणं थकवणारं असतं. आमचं ठरलं होतं की नातेवाइकांत मी करायची, त्याच्या मित्रांत तो करेल.

आणि मुद्दाम जुनं नाव घेणारे असतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मी एक वाक्य पाठ केलं: "आमच्या घरात त्याचं नाव ईशान आहे, तुम्हालाही तेच घ्यावं लागेल." दुसऱ्यांदा झालं तर आम्ही उठून निघालो. "ऑपरेशन झालं का" असं विचारणाऱ्यांना "ते त्याचं खाजगी आहे" एवढंच.

आजीकडून शिकलेलं

घरात सगळ्यात आधी सरावली ती आजी, वय तेव्हा ब्याऐंशी. आम्ही तिला सांगायला सर्वांत जास्त घाबरत होतो. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "माझं नाही का बदललं?" लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं. सतराव्या वर्षी, एका संध्याकाळीत. सासरी कुणी हाक मारली की ती कामच करत राहायची, कारण आपल्याला बोलावतायत हेच कळायचं नाही, आणि सासू म्हणायची, सून बहिरी आहे की काय.

आपल्या समाजाला नाव बदलणं नवीन नाही हे मला त्या दिवशी लख्ख दिसलं. पिढ्यान्‌पिढ्या सासरच्या माणसांनी आठवड्याभरात नवी नावं तोंडात बसवून घेतली. "एवढ्या वर्षांची सवय कशी सुटेल" म्हणणाऱ्या काकांना मी हेच विचारलं की काकूंचं माहेरचं नाव तुम्ही किती वेळा चुकून घेतलंत. फरक आहे तो एवढाच की आजीचं नाव दुसऱ्यांनी बदललं, तिला कुणी विचारलं नव्हतं. भावाने स्वतः बदललं. आजीला हा फरक आमच्या आधी कळला. "त्याला आवडलेलं तरी आहे," असं ती म्हणाली.

ज्याचं नाव बदललंय त्याने आजीच्या त्या बहिरेपणाची भीती बाळगू नये. आपल्याच नावाला ओ द्यायला उशीर होतो म्हणजे निवड चुकली असं नाही. रोज एक पान सही गिरवा. आरशासमोर "मी ईशान, मी आलो, मी सांगतो" असं मोठ्याने म्हणा, कारण 'मी आले'ची सवय स्वतःच्या जिभेलाही असते. दवाखान्यात किंवा बँकेत नाव पुकारलं जाणार असेल आणि कागद अजून जुने असतील, तर खिडकीवर आधीच सांगा की फक्त आडनावाने बोलवा. बहुतेक ठिकाणी ऐकतात. एका रुग्णालयात आमचं ऐकलं नाही आणि भरल्या हॉलमध्ये जुनं नाव दोनदा पुकारलं गेलं. तेव्हापासून मी सोबत जाते आणि नाव पुकारलं की मी उठते.

कागदपत्रं

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. नंतर आलेला ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, 2019 हा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात आणि अर्ज नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या राष्ट्रीय पोर्टलवर करायचा असतो. 2019 च्या मूळ कायद्याच्या सातव्या कलमात असं म्हटलं आहे की हे प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तीला जन्मदाखल्यात आणि इतर सरकारी कागदांत पहिलं नाव बदलून घेण्याचा हक्क आहे. कायद्यात आणि नियमांत दुरुस्त्या होतात, म्हणून मित्राने दोन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका. अर्जाच्या दिवशी पोर्टलवर असलेला नमुना आणि अटी वाचून मगच भरा.

महाराष्ट्रात नावबदलाची सूचना शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घेतात, तो अर्जही ऑनलाइन होतो. राजपत्राच्या त्या पानाच्या भरपूर प्रती काढा आणि फाइल फोनमध्येही ठेवा. पुढे हे पान सारखं लागतं.

क्रम आम्ही असा ठेवला: आधी आधार, मग पॅन, लगेच बँक, त्यानंतर पासपोर्ट, वाहन परवाना, भविष्य निर्वाह निधी. मतदार यादीतल्या दुरुस्तीसाठी नमुना 8 भरायचा. पॅनची आधारशी जोडणी असल्याने या दोन्हींतलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. बँक लवकर घ्यायचं कारण वेगळं. यूपीआयने पैसे पाठवले की समोरच्याला खात्यावरचं नाव दिसतं. भाजीवाल्याला वीस रुपये द्यायचे आणि त्याच्या स्क्रीनवर जुनं नाव, असं दिवसातून चार वेळा होतं.

जुने दाखले फाडू नका. शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीची गुणपत्रिका बदलायला वेळ लागतो. तोवर त्यांच्या प्रतीमागे राजपत्राचं पान टाचून ठेवा.

सरकारी नसलेले कागद विसरायला होतात: दारावरची पाटी, सोसायटीची यादी, कुरियरचा पत्ता, आणि लग्नपत्रिका. चुलत बहिणीच्या लग्नात आम्ही ठरवलं की पत्रिकेतच नवं नाव छापायचं, म्हणजे दोनशे घरांना वेगळं सांगायला नको. भाऊ हो म्हणाला. छापखान्यातून प्रूफ आलं, सगळ्यांनी वाचलं, नाव बरोबर होतं, आणि आम्ही 'ठीक आहे' कळवणार तेवढ्यात त्यानेच बोट ठेवलं. नावाआधी 'कु.' तसंच राहिलं होतं. मजकूर आम्हीच जुन्या पत्रिकेवरून उतरवला होता. बाबांनी खिशातलं पेन काढलं, 'कु.' खोडलं, वर 'चि.' लिहिलं, आणि प्रूफ त्याच्या हातात देत म्हणाले, "घे, तूच नेऊन दे. आणि लवकर ये रे, उशीर करू नकोस." आठ महिन्यांत त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला 'रे'.

आजी आता सहाऐंशीची आहे आणि तिची नावांची गल्लत होते. हाक मारायची असली की आधी बाबांचं नाव घेते, मग काकांचं, मग माझ्या मुलाचं, आणि चौथ्या खेपेला 'ईशान'. जुनं नाव त्या रांगेत येत नाही.